पाहुण्याच्या गाडीतली नऊ बदके

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, सुसून दलदलीतून फेअरफील्ड शहराकडे येणाऱ्या रस्त्यावर कॅलिफोर्नियाच्या मत्स्य व वन्यजीव विभागाच्या वॉर्डनने एक गाडी थांबवली. गाडी चालवणारा फ्रीमॉन्टला राहणारा मराठी सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. कंपनीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्याला आपल्या बदक-शिकार क्लबवर पाहुणा म्हणून बोलावले होते आणि आता तो एकटाच घरी परतत होता. डिकीतल्या बर्फाच्या पेटीत, पाखरे टांगायच्या पट्ट्याला अडकवलेली पाच अख्खी बदके होती. शेजारच्या प्लास्टिकच्या पिशवीत आणखी चार बदकांचे छातीचे सोललेले मांस होते. परवाना, बदक-शिकारीचा स्टॅम्प (विकत घ्यायचे सरकारी तिकीट), बाकीचे कागद सगळे नीट होते. वॉर्डनने ते पाहून परत दिले आणि विचारले, "यातली तुम्ही स्वतः कोणती पाडलीत?"

त्याने स्वतः तीन पाडली होती.

हे प्रकरण उरलेल्या सहा बदकांचे आहे. पाहुणा, यजमान आणि क्लब मी अभ्यासासाठी उभे केले आहेत. कोणा खऱ्या क्लबची ही हकीगत नाही. जागा, कायदे आणि आकडे मात्र खरे आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी कुणाला असे आमंत्रण आले, तर "त्यांचा क्लब, त्यांचे नियम, ते सांगतील तसे वागायचे" एवढी तयारी पुरेशी वाटू शकते. ती पुरेशी नाही, आणि का नाही ते या सहा बदकांवरून नीट दिसते.

दलदल कोणाच्या जिवावर उभी आहे

सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर आणि सॅक्रामेंटो व सॅन वाकीन या नद्यांचा त्रिभुज प्रदेश यांच्या मधोमध सुसूनची निमखारी दलदल पसरली आहे. लगतच्या खाड्या धरून सुमारे १,१६,००० एकर. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एवढी मोठी सलग निमखारी दलदल दुसरी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात रेल्वे आली आणि सॅन फ्रान्सिस्कोची पैसेवाली मंडळी इथे शिकारीला येऊ लागली. आज इथे सुमारे दीडशे खासगी क्लब आहेत. कुठे चार सभासद, कुठे वीस-पंचवीस. कुठे पत्र्याची खोली, कुठे जुना लाकडी बंगला.

हे क्लब म्हणजे हौशी लोकांचा अड्डा अशी कल्पना घेऊन पाहुणा गेला, तर त्याला निम्मे नियम जाचक वाटतील. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातली ९० टक्क्यांहून जास्त पाणथळ जमीन शेती आणि शहरांनी गिळली. जी उरली तिच्यातली सुमारे दोन तृतीयांश खासगी मालकीची आहे आणि त्यातला मोठा भाग बदक क्लबांचा. शरद ऋतूत बांधातली दारे उघडून पाणी घ्यायचे, वसंतात ते सोडून द्यायचे, जमिनीतला खार धुऊन काढायचा, बदके खातात त्या लव्हाळ्याचे बी पिकेल अशी ओल राखायची, बांध दुरुस्त करायचे, ही कामे सभासद वर्षभर स्वतःच्या खिशातून करतात. बंदूक हातात येते ती जेमतेम साडेतीन महिने, आणि त्यातही बऱ्याच क्लबांत फक्त बुधवार, शनिवार आणि रविवार. मधल्या दिवशी पाखरांना निवांतपणा मिळावा म्हणून.

त्यामुळे ओल्या बांधावर गाडी घालू नका, पायवाट सोडू नका, कुत्रा विचारल्याशिवाय आणू नका, हे सांगणे पाहुण्याच्या मनावर ठसले पाहिजे. बांधावर चाकाची एक खोल चाकोरी उमटली की पावसात तिथूनच माती सुटते. लव्हाळ्यात दलदलीतला तो चिमुकला उंदीर राहतो, जो या उपसागराच्या परिसराबाहेर जगात कुठेही नाही आणि ज्याला कायद्याने संकटग्रस्त म्हणून संरक्षण आहे.

आपल्याकडच्या वाचकाला शिकारीचा विषय मुळातच खटकेल. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर रानपाखरांच्या हौशी शिकारीला जागा उरलेली नाही, आणि ते योग्यच झाले. पण मर्यादा नसली की पाहुण्यांची शिकार कुठवर जाते हेही आपल्याच इतिहासात आहे. भरतपूरच्या केवलादेवला १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो पाहुणे होते. त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले आणि तो आकडा अभिमानाने दगडावर कोरला गेला. पाहुण्याचा मान पाखरांच्या संख्येत मोजायचा, ही त्या काळाची रीत. पाहुण्याला भरलेला पट्टा देऊनच निरोप द्यावा, असे आजच्या यजमानालाही आतून वाटतेच. आपल्या प्रकरणाचे मूळ तिथे आहे.

आमंत्रण ते शुक्रवारची रात्र

आमंत्रण ऑगस्टमध्ये आले. या टप्प्यावर दोघेही चोख वागले, हे आधी नोंदवले पाहिजे.

पाहुणा एच-१बी व्हिसावर होता. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे. म्हणजे आपल्या माणसासाठी तो परवाना केवळ बदकांपुरता नसतो. परवाना नसताना "जरा हातात धरून बघ" म्हणून कुणी पुढे केलेली दुनळी घेणे हाही संघीय गुन्हा ठरू शकतो. क्लबच्या अमेरिकन सभासदाला ही गोष्ट ठाऊक असेलच असे नाही, कारण त्याच्यावर ती वेळ कधी आलेलीच नसते. ती पाहुण्यानेच सांगायची. या पाहुण्याने सांगितली, आणि यजमानाने सरावाची तारीख परवाना हातात येईपर्यंत पुढे ढकलली.

परवान्याआधी शिकार-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यानंतर राज्याचा परवाना, राज्याची बदकांसाठीची वेगळी नोंद, गेल्या हंगामात कोणते पक्षी किती मारले याची माहिती देणारी स्थलांतरित पक्ष्यांची नोंदणी, आणि १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला संघीय डक स्टॅम्प. हा स्टॅम्प १९३४ पासून आहे. तेव्हा त्याची किंमत १ डॉलर होती, आता २५ आहे, आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जमीन विकत घेण्यात व राखण्यात जातो. कागदी स्टॅम्प असेल तर त्यावर शाईने सही हवी. कोरा स्टॅम्प चालत नाही. यातले काहीही यजमानाच्या नावावर चालत नाही. क्लबचे सभासदत्व खासगी करार आहे, परवाना माणसाचा.

बंदूक यजमानाची होती. कॅलिफोर्नियात बंदूक उसनी देण्यावर कडक बंधने आहेत, पण परवानाधारक शिकाऱ्याला शिकारीपुरती लांब नळीची बंदूक देता येते. यजमानाने देण्याआधी परवाना पाहिला, बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे मावणार नाहीत अशी खुंटी बसवलेली आहे ना ते उघडून दाखवले. पाणपक्ष्यांसाठी हा नियम सगळ्या देशात आहे.

शुक्रवारी रात्री क्लबवर जेवण झाले, कोणी कोणत्या लपणात, म्हणजे लपून बसायच्या जागेत, बसायचे यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. पाहुण्याला स्वतंत्र चिठ्ठी नसते. तो ज्याचा पाहुणा त्याच्याच लपणात बसतो आणि शिकार चालू असेपर्यंत त्याच्याच नजरेत राहतो. पाहुण्याचे शुल्क, हंगामात एका सभासदाने किती पाहुणे आणायचे, हंगामाच्या पहिल्या दिवशी पाहुणे चालतात की नाही, हे प्रत्येक क्लबचे वेगळे. पाहुण्याने एका कागदावर सही केली: अपघाताची जोखीम मला मान्य आहे, क्लबचे नियम वाचले आहेत. नियमांचे पान दोन्ही बाजूंनी छापलेले होते. पक्षी कोणाच्या नावावर मोजायचे आणि क्लबबाहेर कसे न्यायचे, याविषयी त्यात एक शब्द नव्हता.

एक प्रश्न मात्र पाहुण्याने विचारायचा राहिला, आणि तो प्रत्येक पाहुण्याने विचारावा असे मला कळकळीने वाटते: "तळ्यात किंवा आसपास कुठे दाणे टाकले आहेत का?" दाणे टाकून बदके बोलावणे आणि त्यांच्यावर गोळी झाडणे संघीय कायद्याने गुन्हा आहे. दाणे पूर्ण काढल्यानंतरही १० दिवस ती जागा निषिद्ध असते. १९९८ च्या दुरुस्तीनंतर या एका गुन्ह्यात शिकाऱ्याला माहीत होते का, किंवा माहीत असायला हवे होते का, हे पाहिले जाते. विचारून खात्री करून घेणे हा पाहुण्याचा हक्क आहे आणि चांगला यजमान त्याचा राग मानत नाही. या क्लबवर दाणे नव्हते.

लपणात

गाडीतळावर कंदिलाच्या उजेडात यजमानाने पाहुण्याला खिसे उलटे करायला लावले. सरावाच्या वेळची शिशाच्या छऱ्यांची दोन काडतुसे जॅकेटच्या आतल्या खिशात निघाली. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे १९९१ पासून देशभर बंद आहे, कारण बदके दगडाचे खडे समजून तळातले छरे गिळतात आणि विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियाने तर १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिसे बंद केले. पाणपक्ष्यांच्या शिकारीत ती झाडली नाहीत तरी नुसती अंगावर असणे पुरेसे असते. ती दोन काडतुसे गाडीतच राहिली. यजमान निष्काळजी माणूस नव्हता, हे यावरून कळावे.

लपण म्हणजे पाण्यात उभी केलेली, लव्हाळ्याने झाकलेली खोकेवजा जागा. समोर प्लास्टिकची खोटी बदके तरंगत ठेवलेली. यजमानाने बसायच्या आधी दोन खुंट दाखवले: या खुंटापासून उजवीकडे तुझे आकाश, डावीकडे माझे, पाखरू ओलांडून आले तरी नळी खुंटापलीकडे न्यायची नाही. बंदूक लपणात बसल्यावर भरायची, बाहेर पाय टाकण्याआधी रिकामी करायची. कुत्री पाण्यात असताना खाली उतरलेल्या पाखरावर झाडायचे नाही. उभे राहायचे नाही. गोळी झाडायची हाक मी देणार, हाकेआधी गोळी नाही.

नळी पाखरामागे फिरवता फिरवता माणसावर येणे हा या खेळातला सर्वांत जुना धोका आहे. २००६ च्या फेब्रुवारीत टेक्सासमधल्या एका रँचवर पाहुणा म्हणून गेलेले तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी लाव्याच्या शिकारीत पाखरामागे वळले आणि छरे त्यांच्याच सोबतच्या ७८ वर्षांच्या हॅरी विटिंग्टन यांच्या चेहऱ्यात आणि छातीत घुसले. विटिंग्टन वाचले. त्या चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली: दोघांकडेही माळरानावरच्या पाखरांसाठी लागणारा ७ डॉलरचा राज्य स्टॅम्प नव्हता. देशाच्या उपाध्यक्षांच्या कचेरीलाही पाहुण्याचे कागद पुरे करता आले नव्हते.

शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू करता येते. त्या अंधूक उजेडात नवख्याने गोळी न झाडलेलीच बरी. सुसूनला हंस भरपूर असतात आणि कॅलिफोर्नियात त्यांना पूर्ण संरक्षण आहे. पांढऱ्या बदकहंसाची (स्नो गूस) शिकार मात्र चालते, आणि अंधूक उजेडात दोन्ही पांढरे पक्षी सारखेच वाटू शकतात. बदकांतही भेद आहेत. दिवसाची मर्यादा माणशी ७ बदके, त्यात मॅलार्ड या बदकाच्या माद्या २ च. तलवार बदक, म्हणजे आपल्या उजनीला नि नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात येते तेच लांब शेपटीचे पाखरू, बरीच वर्षे इथे दिवसाला १ च होते. २०२५-२६ च्या हंगामात ते ३ झाले. गेल्या वर्षीच्या पुस्तिकेवर विसंबून चालत नाही.

पाहुण्याने उजाडेपर्यंत थांबून घेतले. साडेआठपर्यंत त्याच्या नावावर तीन बदके होती: दोन थापट्या आणि एक छोटे हिरव्या पंखाचे टील. टील जखमी होऊन लव्हाळ्यात पडले तेव्हा यजमानाने दोघांच्याही बंदुका रिकाम्या करवल्या आणि कुत्री ते शोधून आणेपर्यंत पुढची पाखरे जाऊ दिली. पाडलेले पाखरू शोधण्याचा मनापासून प्रयत्न करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते कायद्यात नसते तरी करायलाच हवे होते.

यजमानाची सात तोवर पूर्ण झाली होती, दोन मॅलार्ड माद्यांसकट. आणि मग तो म्हणाला, "तुझी चार बाकी आहेत. दोन-चार मी पाडून देतो, रिकाम्या हाती नको जाऊस."

पाहुणा हसला आणि गप्प राहिला. पुढच्या अर्ध्या तासात यजमानाने आणखी दोन बदके पाडली. त्यातली एक मॅलार्डची मादी होती, म्हणजे त्याची तिसरी. दोन्ही पाहुण्याच्या पट्ट्याला अडकवली गेली.

पंगतीत आग्रहाने वाढलेली जिलबी नको म्हणायची नाही, हे आपल्या अंगात मुरलेले असते. पाहुण्याने तेच केले. पण दिवसाची मर्यादा लपणाची नसते, जोडीची नसते, क्लबची नसते. ती एका माणसाची असते आणि दुसऱ्याला देता येत नाही. ज्याने पाडले त्याच्याच नावावर पाखरू मोजले जाते, मग पट्टा कोणाचाही असो. यजमानाचे आठवे बदक पाण्यात पडले त्या क्षणी त्याने मर्यादा ओलांडली होती, आणि ते पाहुण्याने पट्ट्याला लावले त्या क्षणी बेकायदा पाडलेले पाखरू पाहुण्याच्या ताब्यात आले होते.

साफसफाईच्या शेडमध्ये

दहा वाजता शेडमध्ये एक वयस्क सभासद चार बदके सोलत होता. घरी खाणारे कुणी नाही म्हणून त्याने छातीचे मांस पिशवीत भरून पाहुण्याच्या हातात दिले. यात खोट कुठेच नव्हती. तो त्याचा स्वभाव. त्याची चारही बदके त्याने स्वतः, मर्यादेत राहून पाडलेली होती.

तरी ती पिशवी दोन प्रकारे नियमाबाहेर होती. ताजे पाडलेले स्थलांतरित पाखरू देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या राहत्या घरी दिले तर प्रश्न नाही. इतर कुठेही द्यायचे असेल तर त्यावर चिठ्ठी लागते: पाडणाऱ्याची सही, पत्ता, कोणत्या जातीची किती, पाडल्याची तारीख. क्लबचा बंगला म्हणजे राहते घर नव्हे. दुसरे, घरी पोचेपर्यंत प्रत्येक पाखराला डोके किंवा पिसांसकट एक पूर्ण पंख लागलेला असला पाहिजे. त्यावाचून जात आणि नर-मादी ओळखता येत नाही, आणि ओळखता आले नाही तर मर्यादेचे सगळे नियम कागदावरच राहतात. सोललेल्या मांसाच्या पिशवीत आठ तुकडे होते. ते कशाचे, हे वॉर्डनला कळायला मार्ग नव्हता.

चिठ्ठ्यांचे पुस्तक शेडच्या भिंतीला दोरीने बांधलेले होते. ते कशासाठी आहे हे पाहुण्याला कुणी सांगितले नाही, आणि त्यानेही विचारले नाही. यजमान तोवर खोटी बदके गोळा करायला पुन्हा तळ्यावर गेला होता. पाहुण्याला त्याच्या नजरेआड, एकट्याने निघू दिले, हेच क्लबच्या नियमांतले सर्वांत मोठे भोक होते. बहुतेक क्लब पाहुण्याला सभासदासोबत ठेवतात ते शिकार चालू असेपर्यंत. कायदा मात्र पाखरू घरच्या दारात पोचेपर्यंत सोबत असतो.

रस्त्यावर, आणि नंतर

वॉर्डनने विचारल्यावर परवाना, पक्षी आणि साहित्य दाखवणे कॅलिफोर्नियात बंधनकारक आहे. पाहुण्याने पेटी उघडली आणि खरे सांगितले: तीन माझी, दोन यजमानांनी पाडली, पिशवी अमुक सभासदांनी दिली.

या उत्तरावरून नंतर क्लबवर वाद झाला. ज्याच्या घरी जेवलास त्यालाच अडकवलेस, असा काहींचा सूर होता. मला तो अजिबात पटत नाही. पाचही माझीच म्हणून सांगणे म्हणजे सरकारी अधिकाऱ्याशी खोटे बोलणे, आणि तेही अशा माणसाने ज्याच्या पुढच्या ग्रीन कार्डच्या अर्जात अटक, समन्स, दंड या सगळ्यांची विचारपूस होणार आहे. यजमानाने त्याला ज्या कोंडीत टाकले तिची किंमत यजमानापेक्षा पाहुण्याला कितीतरी जास्त होती. यजमान तर दंड भरून मोकळा होणार होता. स्थलांतरित पक्षी करार कायद्यानुसार, १९१८ चा हा कायदा, अशा गुन्ह्याला कमाल १५,००० डॉलर दंड आणि सहा महिने कैद आहे. एवढी शिक्षा सहसा होत नाही, पण नोंद राहते. आणि दाण्यांचा अपवाद सोडला तर इथे हेतू पाहिला जात नाही. "मला माहीत नव्हते" हे उत्तर वॉर्डन ऐकून घेतो, लिहूनही घेतो. गुन्हा त्याने पुसत नाही.

वॉर्डन क्लबवर गेला. यजमानाने दोन मिनिटांत कबूल केले, आणि त्याचे हे वागणे मला मोठे वाटते. मर्यादा ओलांडल्याबद्दल आणि जास्तीच्या मादीबद्दल त्याला समन्स मिळाले. पाहुण्याला चिठ्ठीविना, पंखाविना पाखरे नेल्याबद्दल मिळाले. ज्याने पिशवी दिली त्या वयस्क सभासदालाही मिळाले. दोन बदके आणि पिशवी जप्त झाली. पाहुण्याची स्वतःची तीन त्याच्याकडेच राहिली.

जबाबदारी कोणाची किती

पाहुण्याची चूक वाटून घेण्याची सवय आपल्याला आहे: अर्धी त्याची, अर्धी बोलावणाऱ्याची. इथे तसे करता येत नाही. कायद्यापुढे पाहुणा त्याच्या हातातल्या बंदुकीला आणि पेटीतल्या पाखराला पूर्ण जबाबदार आहे. क्लबपुढे यजमान पाहुण्याच्या प्रत्येक कृतीला पूर्ण जबाबदार आहे. दोन पूर्ण जबाबदाऱ्या, एकमेकींना न कापणाऱ्या. पाहुण्याने कागद चोख ठेवले म्हणून यजमानाची सुटका नाही, आणि यजमान तीस वर्षे शिकार करतोय म्हणून पाहुण्याची नाही.

मग हे थांबायला हवे होते कुठे? रस्त्यावर नाही, शेडमध्येही नाही. साडेआठ वाजता लपणात. यजमानाचे सातवे बदक पाण्यात पडले तेव्हा त्याची बंदूक रिकामी होऊन म्यानात जायला हवी होती. पुढे त्याने हाका द्यायच्या, कुत्री सांभाळायची, पाहुण्याला पाखरे ओळखायला शिकवायची. पाहुण्याच्या हातात तर त्याहून सोपा उपाय होता. पाहुण्यासाठी शिकार चालू आहे, म्हणजे पाहुणा थांबला की ती संपते. "मला तीन पुरेत, आपण निघू या" एवढे बोलून त्याने बंदूक उघडली असती, तर यजमानाला आणखी दोन पाडायचे कारणच उरले नसते. यात उपदेश नाही, आरोप नाही, कुणाचा अपमान नाही. यजमानाला त्याच्याच चांगुलपणापासून वाचवणे हेही पाहुण्याचे काम आहे, आणि ते नवख्यालाही जमण्यासारखे आहे.

तीन बदके म्हणजे कमी हे मुळात ठरवले कोणी, हाही प्रश्न आहेच. सात ही वरची मर्यादा आहे, पाहुण्याचे देणे नव्हे. उत्तरेकडून हजारो मैल उडत आलेल्या पाखराचा जीव घ्यायचा तर तो स्वतःच्या नेमाने, स्वतःच्या डोळ्यांनी ओळखून, स्वतःच्या घरी शिजवून खाण्यासाठी. तीन बदकांत चार माणसांचे जेवण होते.

क्लबच्या समितीने त्या सभासदाचा पाहुणे आणण्याचा हक्क उरलेल्या हंगामापुरता काढून घेतला. काहींना हे फार वाटले, मला बरोबर वाटते; शिकारीचा हक्क काढला नाही, फक्त दुसऱ्याला त्यात ओढण्याचा काढला. पाहुण्यांच्या पानावर चार गोष्टी आल्या: ज्याची मर्यादा पूर्ण झाली त्याची बंदूक लपणात रिकामी आणि म्यानात, प्रत्येकाचा पट्टा वेगळा आणि लपणातून निघण्याआधी दोघांनी तो एकमेकांसमोर मोजायचा, शेडमधून बाहेर जाणाऱ्या दुसऱ्याच्या प्रत्येक पाखराला पंख आणि चिठ्ठी, आणि पाहुण्याची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत सभासद सोबत. शेवटचा मुद्दा मतदानाला टाकावा लागला, कारण दुपारी झोप काढणाऱ्या दोन सभासदांना तो नको होता. तो मंजूर झाला.

पाहुण्याला क्लबने बंदी घातली नाही. पुढच्या हंगामात त्याला दुसऱ्या एका सभासदाने बोलावले. त्याने होकार कळवताना तीन प्रश्न पाठवले: तळ्यावर दाणे टाकतात का, लपणात हाक कोण देणार, आणि कुणी पाखरे दिली तर चिठ्ठी कोण लिहिणार. सभासदाने तिन्हींची उत्तरे लेखी दिली.